दुखावलेला गुडघा व घरचें कर्तव्य

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यानें पहांटे पांच वाजतां कोणी निघालें, तर दोहों बाजूंच्या उंसांची सळसळ ऐकूं येण्यापूर्वींच दुसरा एक आवाज कानीं पडतो. तो असतो डांबरी रस्त्यावर पडणाऱ्या पावलांचा. पोलीस भरतीची तयारी करणारीं मुलें आणि मुली चार-चार, सहा-सहांच्या टोळक्यांनीं धांवत असतात. मुलांस १६०० मीटर, मुलींस ८०० मीटर. हातांत घड्याळ, आणि मनांत एकच ध्यास कीं, आणखी दोन-चार सेकंद कमी झाले पाहिजेत. दिवस उजाडला म्हणजे तालमींतून जोर-बैठकांची मोजणी ऐकूं येऊं लागते, आणि सायंकाळीं शाळांच्या पटांगणांवर खो-खो व कबड्डीचे डाव रंगतात. मोरोपंतांची बारामती आणि मालोजीराजांच्या जहागिरीचें इंदापूर हे तालुके आज ऊंस, साखर व डाळिंबें यांकरितां ओळखले जातात. परंतु अंगमेहनतीची हौस ही येथल्या मातीची त्याहून जुनी मिळकत आहे.

हा देखावा आम्ही वर्षानुवर्षें कौतुकानें पाहत आलों. परंतु दोन वर्षांपूर्वीं आमच्याच घरांतील एका मुलीचा गुडघा खेळतांना दुखावला, आणि तेव्हांपासून त्या कौतुकांत एक प्रश्न मिसळला आहे. हीं मुलें धांवतात, झुंजतात, पडतात. पडल्यावर त्यांचें पुढें काय होतें? त्यांस पुन्हा उभें कोण करतें, आणि मुळांत त्यांनीं पडूं नये म्हणून आपण घरांतील मोठीं माणसें काय करतों? आमच्या घरचा अनुभव, आणि त्या निमित्तानें आम्हीं जें वाचलें, विचारलें व शिकलों, तें आज वाचकांपुढें ठेवावयाचें योजिलें आहे.

एका सायंकाळची गोष्ट

आमचें घर अकरा माणसांचें. धाकट्या बंधूंची मुलगी त्या वेळीं सोळा वर्षांची होती व खो-खोमध्यें तिचें नांव होऊं लागलें होतें. इंदापूर तालुक्यांतील एका गांवीं सामना होता. पाठलाग करीत असतां खांबाजवळ तिनें वेगानें अंग वळविलें. पाऊल जमिनींत रोवून राहिलें, शरीर फिरलें, आणि त्या दोहोंच्या मध्यें गुडघा पिळवटला. “आंत कांहीं तरी कट्‌कन् तुटलं,” असें तिनें मागाहून सांगितलें. कोणाचा धक्का लागला नव्हता, कोणीं पाडलें नव्हतें. तासाभरांत गुडघा नारळाएवढा सुजला.

घरीं आणल्यावर एकत्र कुटुंबांत जें होतें तेंच झालें : जितकीं माणसें, तितके वैद्य. वहिनींनीं आंबेहळद उगाळून लेप घातला. शेजारच्यांनीं शेक सुचविला. काकांनीं आपल्या जुन्या ओळखीच्या हाडवैद्याकडे नेण्याचा आग्रह धरिला व दुसऱ्या दिवशीं नेलेंही. त्या गृहस्थांनीं सांधा ‘निसटला’ असल्याचें सांगून पाय ओढला, घट्ट पट्टा बांधला, आणि पंधरा दिवसांनीं खेळावयास मोकळीक दिली. पंधरा दिवसांत सूज उतरली, वेदना ओसरल्या, व आम्हां सर्वांस वाटलें कीं, संकट टळलें. तिसऱ्या आठवड्यांत ती मैदानावर गेली, आणि एका साध्या वळणावर गुडघ्यानें पुन्हा दगा दिला. मग मात्र पुण्यास नेऊन एम. आर. आय. काढविला. तेव्हां कळलें कीं, सांध्याच्या आंतील एक मुख्य बंध पूर्णपणें तुटलेला आहे, व दोन हाडांमधील कूर्चेची गादीही फाटली आहे. ही गादी बहुधा दुसऱ्या वेळीं फाटली असावी, असें डॉक्टरांचें मत पडलें. हाडवैद्यांस आम्ही दोष देत नाहीं. निदान होण्यापूर्वीं उपाय करण्याची घाई आमची होती, आणि वेदना थांबली म्हणजे दुखणें बरें झालें ही समजूतही आमचीच होती.

गुडघ्यांत काय तुटतें

मांडीचें हाड व नडगीचें हाड जेथें भेटतात, तेथें सांध्याच्या अगदीं गाभ्यांत दोन बळकट बंध फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले असतात. त्यांपैकीं पुढचा बंध नडगीस पुढें सरकूं देत नाहीं व गुडघ्यास पिळवटूं देत नाहीं. धांवतां धांवतां एकदम थांबणें, पाऊल रोवून वळणें, आणि उडी मारून ताठ गुडघ्यावर उतरणें, या तीन क्षणीं त्यावर सर्वांत मोठा ताण येतो. म्हणूनच या बंधाच्या पुष्कळशा दुखापती कोणाचाही धक्का न लागतां होतात. फुटबॉल व बास्केटबॉल या खेळांच्या अभ्यासांतून असेंही दिसून आलें आहे कीं, तोच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षां मुलींस ही इजा दोन ते तीन पट अधिक होते. यास शरीराची ठेवण कांहीं अंशीं कारण असेल. पण उडीवरून उतरण्याची व वळण्याची रीत मुलींस कोणी शिकवीत नाहीं, त्यांच्या मांड्यांचे व कंबरेचे स्नायू कमावण्याकडे कोणी लक्ष देत नाहीं, हें कारणही लहान नव्हे. आणि तें तर आपल्या हातांतलें आहे.

पूर्ण तुटलेला हा बंध पूर्ववत् सांधला जाण्याचा भरंवसा नसतो. ज्यांस सरळ चालावयाचें, सायकल चालवावयाची, त्यांतील कित्येकांस केवळ व्यायामानें स्नायू बळकट करून भागतें. परंतु ज्यांस पुन्हा वळणावळणाचे खेळ खेळावयाचे आहेत, त्यांस बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. तींत शरीरांतीलच एखाद्या कंडरेचा तुकडा घेऊन नवा बंध बसवितात.

येथें आमच्या घरांत खरा पेंच पडला. काका म्हणाले, “चालतां येतंय ना? मग झालं. खेळ पुरे झाला, आतां अभ्यास करावा.” बंधूंचें मन द्विधा झालें, खर्चाचा विचार होता, बारावीचें वर्ष तोंडावर आलें होतें. मुलगी कांहींच बोलत नव्हती, आणि तिचें तें न बोलणेंच आम्हांस सर्वांत जड जात होतें. शेवटीं आमच्या मातोश्री, ज्यांनीं जन्मांत कधीं खो-खोचा सामना पाहिला नव्हता, म्हणाल्या, “तिला नुसतं चालायला नव्हे, पळायला येत होतं. तिला पळतां येईल असं करा.” त्यापुढें काकांनीं वाद घातला नाहीं. शस्त्रक्रिया ठरली.

मालिश, हाडवैद्य आणि नवें शास्त्र

शस्त्रक्रिया तासा-दोन तासांची. पुढचें काम महिन्यांचें, आणि तें भौतिकोपचाराचें, म्हणजे ज्यास फिजिओथेरपी म्हणतात त्याचें. हें शास्त्र आपणांकडे अगदींच परकें आहे असें मात्र कोणी समजूं नये. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाची विद्या पुन्हा उभी केली, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील आखाडे हे शरीर कमावण्याचे तसेच शरीर दुरुस्त करण्याचेही अड्डे राहिले. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव हे जितके व्यायामाचार्य म्हणून प्रसिद्ध होते, तितकेच हाडें बसविण्याच्या कौशल्याबद्दल. त्याच बडोद्यांतून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढिले, त्यांची सुरुवात १९३६ सालीं झाली. जुन्या पिढीच्या कित्येक घरांतून ते खंड अजून कपाटांत असतील.

युरोपांत या शास्त्राचा पाया स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनीं १८१३ सालीं स्टॉकहोम येथें काढलेल्या व्यायामसंस्थेंत पडला, असें मानितात. इंग्लंडांत १८९४ सालीं चार परिचारिकांनीं मर्दन-उपचार करणाऱ्या स्त्रियांची संस्था स्थापिली. पहिल्या महायुद्धांतील जखमी सैनिकांनीं त्या विद्येची गरज जगाच्या लक्षांत आणून दिली. आपल्या देशांत हें शिक्षण सुरू होण्यास कारण झाला पोलिओ. १९५२ च्या सुमारास मुंबईंत त्या रोगाची मोठी सांथ आली, आणि लुळ्या पडलेल्या बालकांचे हातपाय पुन्हा चालते करावयास शिकलेलीं माणसें हवीं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें १९५३ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विषयाचें विद्यालय निघालें. सांथीच्या पोटीं जन्मलेली ती विद्या आज पैलवानाच्या खांद्यास व खेळाडूच्या घोट्यास उपयोगीं पडत आहे.

मग जुना हाडवैद्य व नवा भौतिकोपचारतज्ज्ञ यांत भेद कोणता? आमच्या समजुतीप्रमाणें भेद हातांच्या कौशल्याचा नाहीं. तो पुढच्या महिन्यांचा आहे. हाडवैद्य सांधा बसवितो, पट्टा बांधतो व घरीं पाठवितो. भौतिकोपचारतज्ज्ञ आधीं काय दुखावलें आहे याचें निदान करतो अगर करवून घेतो, आणि मग रोग्याकडून काम करवून घेतो. मालिशाचेंही तसेंच. तुकाराम महाराजांची पालखी आषाढवारीस बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर या वाटेनें जाते, तेव्हां गांवोगांवचे लोक थकल्या वारकऱ्यांचे पाय तेलानें चोळून देतात. त्यानें थकवा जातो, मनास बरें वाटतें, उद्यांची मजल सोपी होते. परंतु चोळल्यानें स्नायूंत बळ येत नाहीं. बळ हें ज्याचें त्यानें, स्वतःच्या मेहनतीनें मिळवावयाचें असतें.

या विद्येच्या अभावीं काय हरवतें याचें एक उदाहरण आपल्याच प्रांतांतलें आहे. कराड तालुक्यांतील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या मनांत पुढच्या ऑलिंपिकासही उतरावयाचें होतें. परंतु गुडघ्याची दुखापत आड आली. त्यानंतर साठ वर्षांनीं, २०१६ सालीं, हरियानाची विनेश फोगाट रिओ येथें ऐन लढतींत गुडघा दुखावून झोळींतून मैदानाबाहेर गेली. तिची शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने भौतिकोपचार झाले, आणि २०१८ सालीं जकार्ता येथील एशियाई स्पर्धेंत तिनें सुवर्णपदक मिळविलें. खाशाबांच्या जिद्दींत कांहीं उणें नव्हतें. उणें होतें तें मागें उभें राहणारें शास्त्र.

नऊ महिन्यांचा वनवास

आमच्या पुतणीस शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे जें काम दिलें तें इतकें क्षुल्लक दिसे कीं, काकांस हंसूं आलें. पाय सरळ ठेवून मांडी आवळावयाची, पांच अंक मोजावयाचे, सोडावयाची. दिवसांतून कित्येक वेळां. परंतु त्या पंधरवड्यांत मांडी इतकी वाळलेली होती कीं, तेवढेंही तिला साधेना. दुखावलेल्या सांध्यास सूज आली म्हणजे शरीर आपण होऊन मांडीच्या स्नायूंस काम करण्याची मनाई करतें. ती मनाई मोडून काढणें हीच पहिली पायरी. दुसरी पायरी गुडघा पूर्ण सरळ होण्याची. मग सायकल, मग अर्ध्या बैठका, मग एका पायावरच्या बैठका, मग पायऱ्या चढणें-उतरणें. हळूहळू धांवण्यास आरंभ तीन-चार महिन्यांनंतर. उड्या व वळणें त्याच्याही नंतर. आणि प्रत्येक पायरी मागची पायरी पुरी झाल्यावरच. कॅलेंडर पाहून नव्हे, पायाची ताकद पाहून.

येथें एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग आमच्या प्रत्ययास आला. सांगितलेला व्यायाम रोज घरीं करणें हाच या उपचाराचा गाभा. आणि एकटें माणूस तिसऱ्या आठवड्यांत कंटाळतें. आमच्याकडे सकाळचा व्यायाम देवघराबाहेरच्या पडवींत होई, व मोजणी मातोश्री करीत, हातांतील जपमाळेच्या मण्यांवर. लहान पुतण्या शेजारीं तसेच पाय हलवी. सायंकाळच्या फेरीस काका बरोबर जाऊं लागले; तेच काका, ज्यांनीं खेळ पुरे म्हटलें होतें. चौथ्या महिन्यांत ती पहिल्यांदां अंगणांत दहा पावलें धांवली, त्या दिवशीं वहिनींनीं शिरा केला.

नऊ महिने पुरे झाले तेव्हां जिल्ह्याच्या निवडचांचण्या तीन आठवड्यांवर आल्या होत्या. तज्ज्ञबाईंनीं परीक्षा घेतली : एका पायावर उडी मारून किती अंतर जातां येतें, तिहेरी उडींत किती, आणि दोहों पायांच्या मांड्यांची ताकद किती. दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के तरी असावा, असा सामान्य दंडक आहे. तिचा भरला ८२. बाईंनीं शांतपणें सांगितलें, “अजून नाहीं.” मुलगी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडली. बंधूंच्याही मनांत आलें कीं, इतक्या महिन्यांनंतर आठ टक्क्यांनीं काय बिघडतें?

पुष्कळ बिघडतें. नॉर्वे व अमेरिका येथील संशोधकांनीं मिळून केलेला व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हांस बाईंनींच समजावून सांगितला. अशा शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत जितके महिने खेळ लांबणीवर टाकावा, तितक्या प्रत्येक महिन्यास गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका जवळजवळ निम्म्यानें घटत गेला. आणि जे ताकदीच्या व उड्यांच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन परतले, त्यांच्यांत पुन्हा दुखापत फार थोड्यांस झाली. नऊ महिने ही अवधीची पहिली अट. पायांची बरोबरी ही दुसरी. एकीनें दुसरीची भरपाई होत नाहीं. निवडचांचणी हुकली. त्या वर्षाचा संघ तिच्यावांचून गेला.

आधींच काय करावें

जें मोडल्यावर दुरुस्त करावयास वर्ष लागलें, तें मोडूंच नये यासाठीं लागतात आठवड्यांतून दोन-तीन वेळां वीस मिनिटें. आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेनें सामन्यापूर्वींच्या तयारीचा एक क्रम बसविला आहे. हळू धांवणें, मग पोट, मांडी व तोल यांचे व्यायाम, मग उडी मारून मऊपणें उतरणें, शेवटीं वळणांसह वेगानें धांवणें. नॉर्वेंत तेरा ते सतरा वर्षांच्या सुमारें १९०० मुलींवर त्याचा प्रयोग झाला, व २००८ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध झालें : ज्यांनीं हा क्रम पाळला, त्यांच्यांत एकूण दुखापती जवळजवळ एक-तृतीयांशानें कमी झाल्या. त्यास ना यंत्र लागतें, ना पैसा. खो-खो, कबड्डी व हॉकी यांसही तो क्रम थोड्या फेरानें लागूं पडेल.

उडीवरून उतरतांना तीन गोष्टी मुलांस सांगाव्या. गुडघे वांकलेले असावे, गुडघा पायाच्या बोटांच्या रोखानें राहावा, आंत कलूं नये. आणि उतरल्याचा आवाज होऊं नये. आवाज ऐकूं आला म्हणजे धक्का सांध्यानें खाल्ला, स्नायूंनीं नव्हे, असें समजावें.

दुसरा एक व्यायाम घरच्या सतरंजीवर होण्यासारखा आहे. गुडघ्यांवर उभें राहावें, मागें कोणीं तरी टांचा घट्ट धरून ठेवाव्या, आणि अंग सरळ ठेवून जितकें सावकाश पुढें झुकवतां येईल तितकें झुकवावें. अगदींच तोल जाऊं लागला म्हणजे हात टेकावे. यानें मांडीच्या मागच्या स्नायूंस बळ येतें. वेगानें धांवतांना हेच स्नायू फाटतात, आणि या व्यायामाचा तयारींत समावेश करणाऱ्या संघांत त्या दुखापती सुमारें निम्म्यावर आल्याचें अनेक अभ्यासांवरून दिसतें. आरंभीं आठवड्यांतून एक-दोन वेळां, पांच-पांचच.

आमच्या तालमींत हें ज्ञान दुसऱ्या रूपानें नांदत होतें, हें विसरूं नये. हौद्यांत उतरल्याबरोबर कोणी पैलवान डाव टाकीत नसे. आधीं फावड्यानें माती उकरावयाची, मग जोर, मग बैठका, मग हलकी लढत, आणि शेवटीं जोड. अंग तापविण्याचा याहून उत्तम क्रम कोणता? आज तोच मुलगा सकाळीं मातींत व सायंकाळीं चटईवर लढतो. माती पायाखालीं थोडी सरकते. चटईवर बूट जागच्या जागीं धरून ठेवतो, व पिळाचा भार गुडघ्यावर जातो. म्हणून चटईवर जाणाऱ्यांस वळणाचा सराव वेगळा हवा. वस्तादांनीं व भौतिकोपचारतज्ज्ञांनीं एकमेकांच्या शेजारीं बसून हा क्रम ठरविला, तर दोघांसही शिकण्यासारखें आहे.

रस्त्यावर धांवणाऱ्यांसाठीं

आतां त्या पहांटेच्या पावलांकडे वळूं. भरतीची जाहिरात निघाली कीं, सहा महिने न धांवलेलीं मुलें एकदम रोज पांच-सहा किलोमीटर धांवूं लागतात, तीं कठीण डांबरावर, झिजलेल्या बुटांनीं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत नडगीच्या आंतल्या कडेस दुखूं लागतें. स्नायू महिन्याभरांत सरावतो, हाडास त्याहून अधिक काळ लागतो. दोहोंच्या या विलंबांतच दुखणें जन्मतें. वाढ हळूहळू करावी, आठवड्यांतून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांति घ्यावी, शक्य तेथें मऊ मातीच्या वाटेनें धांवावें, पोटऱ्यांचे व्यायाम करावे.

परंतु वेदना एका बोटाएवढ्या जागेवर नेमकी असेल, रात्रीं विसाव्याच्या वेळींही ठणकत असेल, एका पायावर उडी मारतांना कळ जात असेल, तर हाडास बारीक तडा गेल्याचा संशय धरून धांवणें त्या दिवशींच थांबवावें व डॉक्टरांस दाखवावें. ‘अंगावर काढणें’ हा गुण आपल्या भागांत फार मानला जातो. हाडाच्या बाबतींत तो गुण नव्हे.

मुलींच्या मातांसाठीं एक शब्द. मेहनत वाढली व जेवण तेंच राहिलें, त्यांत उपवासांची भर पडली, म्हणजे शरीर काटकसर करूं लागतें. मासिक धर्म लांबतो किंवा थांबतो, आणि हाडें ठिसूळ होऊं लागतात. खेळणाऱ्या मुलींत ही गोष्ट ‘चालायचीच’ म्हणून सोडून देऊं नये. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं या अवस्थेकडे मुद्दाम लक्ष वेधलें आहे. पुरेसें जेवण, दूध, डाळी व आठ तासांची झोंप यांची बरोबरी कोणतेंही मलम करूं शकत नाहीं.

दुखापत झाल्या दिवशीं

पहिले दोन-तीन दिवस शेक देऊं नये, जोरानें चोळूं नये, सांधा ओढूं नये. भार कमी करावा, पाय उशीवर उंच ठेवावा, फार घट्ट न होईल असा पट्टा बांधावा. बर्फ फडक्यांत गुंडाळून दहा-पंधरा मिनिटें लावल्यास वेदना कमी होते. त्यानें दुखापत लवकर भरते असें मात्र नव्हे. अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीं १९७८ सालीं ‘विश्रांति, बर्फ, दाब, उंची’ हें सूत्र लोकप्रिय केलें. पुढें त्यांनींच बर्फ व पूर्ण विश्रांति यांविषयींचें आपलें मत बदललें. आज तज्ज्ञ सांगतात कीं, पहिल्या कांहीं दिवसांनंतर सोसवेल इतकी हालचाल हेंच औषध.

परंतु चार पावलेंही भार देऊन टाकतां येत नसतील, ‘कट्’ असा आवाज होऊन दोन-तीन तासांत सांधा सुजला असेल, गुडघा अडकत असेल किंवा चालतांना दगा देत असेल, पाऊल बधिर वा थंड पडलें असेल, अथवा हाडाची ठेवण वांकडी दिसत असेल, तर घरगुती उपाय बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. बारामतींत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रत्येक वेळीं पुणें गांठावयास हवें असें नाहीं. भौतिकोपचार करणाऱ्याची पदवी व नोंदणी विचारण्यांत संकोच बाळगूं नये. जो नुसतें यंत्र लावून बसवितो आणि घरीं करावयाचा व्यायाम सांगत नाहीं, त्याच्याकडे अर्धाच उपचार मिळतो, असें आम्ही अनुभवानें म्हणतों.

निवडचांचणी हुकल्यानंतर आमची पुतणी आणखी दहा आठवडे पडवींतल्या मोजणीस बसली. दुसऱ्या परीक्षेंत तिचा पाय ९४ भरला. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, व भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनीं तो जिंकला. महिला संघाची नायिका प्रियंका इंगळे व पुरुष संघाचा नायक प्रतीक वाईकर, दोघेंही महाराष्ट्राचीं. तो अंतिम सामना आमच्या घरीं अकराही माणसांनीं एकत्र बसून पाहिला. खांबाशीं कोणी वळलें कीं, काका नकळत पुढें सरकत व पुटपुटत, “गुडघा वांकव, बाळ.”

पुतणी आतां पुन्हा खेळते. तिच्या आधींचा वेग पूर्णपणें परत आला कीं नाहीं, हें तिचें तिला माहीत. आम्ही विचारीत नाहीं. मात्र खेळास आरंभ होण्यापूर्वीं ती संघांतील लहान मुलींस उभें करून वीस मिनिटें उड्या व वळणें करवून घेते, आणि कोणाच्या उतरण्याचा आवाज झाला तर तिला ती उडी पुन्हा मारावयास लावते. आपल्याही घरांत कोणी खेळत असेल, तर या आठवड्यांत एकदां मैदानावर जावें, आणि मूल उडीवरून उतरतांना आवाज होतो कीं काय, तें कान देऊन ऐकावें.